तुमचे प्रश्न : घारापुरीचा महादेव आणि बेटावरचं गाव

लेण्यांविषयी प्रश्न पाठवा, असं आम्ही मागच्या अंकात म्हटलं होतं. आलेल्या पत्रांमध्ये घारापुरीबद्दलची पत्रं सगळ्यांत जास्त होती, म्हणून हे संपूर्ण सदर घारापुरीलाच दिलं आहे. मी उरणची. माझं आजोळ बेटावरच्या राजबंदरचं, आणि नोकरीची सगळी वर्षं शाळेत इतिहास शिकवण्यात गेली. त्यामुळे ही पत्रं वाचताना मला फार आनंद झाला. काही ठिकाणी उत्तर लांबलं आहे, ते लांबू दिलं आहे.

आमच्या लहानपणी पुस्तकात घारापुरीच्या तीन तोंडांच्या शिल्पाखाली ‘त्रिमूर्ती’ असं छापलेलं असायचं. आता तिथले गाईड ‘सदाशिव’ म्हणतात. मग ती तीन तोंडं ब्रह्मा-विष्णू-महेशाची नाहीत का?
— एक वाचक, डोंबिवली

नाहीत. तिन्ही मुखं एकट्या शिवाची आहेत.

शैव परंपरेत शिवाची मुखं पाच मानतात : सद्योजात, वामदेव, अघोर, तत्पुरुष आणि ईशान. त्यातली तीन आपल्याला समोर दिसतात. चौथं मागे, म्हणजे खडकात गेलेलं. पाचवं वर आकाशाकडे, आणि ते कोरून दाखवायचं नसतं. समोर उभं राहिलं की आपल्या डाव्या हाताला अघोर. भुवया आवळलेल्या, मिशी, हातात नाग, जटेत कवटी. उजव्या हाताला वामदेव. त्याचा चेहरा बाईसारखा नाजूक, हातात कमळ. कितीतरी अभ्यासक त्या मुखाला उमेचंच मुख म्हणतात. मधलं मुख तत्पुरुषाचं, डोळे मिटलेलं.

गोंधळ कसा झाला तेही सांगते. युरोपियन प्रवाशांनी तीन तोंडं पाहिली आणि हिंदूंचे तीन मोठे देव त्यांना चिकटवून टाकले. तेच पुढे पुस्तकांत आलं. आपल्यालाही ते खटकलं नाही, कारण आपल्या घराघरांत तीन शिरांच्या दत्ताची तसबीर. तीन तोंडं म्हटलं की मराठी माणसाला ब्रह्मा-विष्णू-महेश आठवणारच.

पण पुरावा त्याच भिंतीवर आहे. सदाशिवाच्या डावीकडे, म्हणजे आपल्या डाव्या हाताला, अर्धनारीश्वराचं शिल्प आहे. त्याच्या वरच्या अंगाला गर्दी केलेले देव नीट बघा. हंसांच्या आसनावर ब्रह्मा बसलाय, गरुडावर विष्णू आलाय, ऐरावतावर इंद्र आहे. सगळे लहान आकाराचे, शिवाचं कौतुक बघायला जमलेले. ज्या कारागिरांनी ब्रह्मा आणि विष्णू यांना अशी जागा दिली, ते शेजारच्याच कोनाड्यात त्यांना शिवाच्या बरोबरीने, एकाच धडावर बसवतील हे पटत नाही. हे सगळं लेणं शिवाचं आहे.

एक विनंती. त्या मुखांसमोर लगेच फोटो काढू नका. बाहेरच्या उन्हातून आत आल्यावर डोळे दिपलेले असतात, पहिली काही मिनिटं समोर नुसती एक मोठी काळी आकृती दिसते. खांबाला टेकून उभे राहा. हळूहळू आधी मधल्या चेहऱ्याचा खालचा ओठ दिसायला लागतो, मग मुकुटावरची नक्षी, आणि शेवटी अघोराच्या हातातला नाग. शिल्प माणसाच्या तिप्पट उंच आहे, पण त्यातलं सगळ्यांत बारीक काम मुकुटांवर आहे. मान वर करून बघायला वेळ लागतो.

घारापुरीची लेणी पांडवांनी एका रात्रीत कोरली असं आमच्याकडे म्हणतात. खरं कोणी कोरली? तिथे शिलालेख का नाही?
— एक वाचक, नाशिक

पांडवांची गोष्ट महाराष्ट्रातल्या जवळजवळ प्रत्येक लेण्याला आहे. तुमच्या नाशिकची बौद्ध लेणी सुद्धा ‘पांडवलेणी’च. घारापुरीला तर बाणासुराचंही नाव जोडतात. या गोष्टी मी वर्गात आधी सांगायचे आणि मग इतिहासाकडे वळायचे. गोष्टीमुळेच लोकांनी त्या जागा देवाच्या मानल्या आणि जपल्या.

शिलालेख होता. पोर्तुगीज इतिहासकार दियोगो दो कूतो याने लिहून ठेवलंय की, लेण्याच्या दारावरचा कोरीव अक्षरांचा दगड पोर्तुगिजांनी काढला आणि वाचून घेण्यासाठी पोर्तुगालच्या राजाकडे पाठवला. तिकडे तो कोणाला वाचता आला नाही. पुढे तो दगडच नाहीसा झाला. मला याचं फार वाईट वाटतं. तो एक दगड जागेवर असता तर राजाचं नाव, कदाचित वर्ष, कदाचित दान दिलेल्या गावांची नावंही आज आपल्यासमोर असती.

आता राहतं ते शैलीवरून, नाण्यांवरून आणि आजूबाजूच्या लेण्यांवरून काढलेलं अनुमान. आज बहुतेक अभ्यासक मुख्य लेणं सहाव्या शतकाच्या मध्यातलं, कलचुरी राजांच्या काळातलं मानतात. त्यातही नाव घेतलं जातं ते कृष्णराजाचं. हा राजा स्वतःला परममाहेश्वर, म्हणजे महादेवाचा परमभक्त म्हणवून घ्यायचा. त्याची तांब्याची नाणी या बेटावर सापडली आहेत. नाणेशास्त्राच्या अभ्यासक शोभना गोखले यांनी असं मांडलं की, इतकी कमी मोलाची नाणी एका बेटावर सापडतात तर ती लेणं खोदणाऱ्यांच्या मजुरीची असावीत. मला हे फार पटतं. राजाचं नाव सांगणारा दगड गेला, पण पाथरवटाच्या हातावर ठेवलेला पैसा मातीत राहिला. याच राजाची चांदीची नाणी तुमच्या नाशिक जिल्ह्यातही मिळालेली आहेत.

पंथाचाही धागा आहे. उत्तरेच्या मुख्य दारातून आत शिरताना एका बाजूला नाचणारा शिव आणि दुसऱ्या बाजूला कमळावर योगमुद्रेत बसलेला शिव दिसतो. ही योगी मूर्ती लकुलीशाशी, म्हणजे पाशुपत या शैव पंथाच्या आचार्याशी जोडली जाते. कलचुरी राजघराणं पाशुपतांचं भक्त होतं. मुंबईच्या जोगेश्वरीचं लेणं घारापुरीच्या थोडं आधीचं मानतात, तेही याच पंथाचं. वेरूळच्या २९ क्रमांकाच्या, ‘धुमार लेणं’ म्हणतात त्या लेण्याचा आराखडा घारापुरीशी इतका मिळताजुळता आहे की दोन्ही पाहिलेल्या माणसाला सांगावं लागत नाही.

आणि एक. ऐहोळेच्या प्रसिद्ध शिलालेखात, शके ५५६ म्हणजे इसवी सन ६३४-३५ मध्ये, चालुक्य पुलकेशीने शेकडो नावा घेऊन ‘पुरी’ जिंकली असं कवी रविकीर्ती सांगतो. त्या पुरीला तो पश्चिम समुद्राची लक्ष्मी म्हणतो. ही कोकणच्या मौर्यांची राजधानी. ती पुरी म्हणजे घारापुरीच, असं मानणारे इतिहासकार आहेत, आणि ती जागा कोकणात दुसरीकडे शोधणारेही आहेत. मोराबंदरच्या किनाऱ्यावर रोमन अॅम्फोरांची, म्हणजे दारू आणि तेल आणण्याच्या उंच रांजणांची खापरं मिळाली आहेत. पूर्वेकडच्या टेकडीवर विटांचा बौद्ध स्तूप आहे, तो तर शिवाच्या लेण्याहून जुना. त्यामुळे नाव काहीही असो, महादेवाचं देऊळ कोरलं गेलं तेव्हा या बेटावर समुद्रातून माणसांची ये-जा आधीपासून होती, एवढं नक्की.

तिथे पूजा होते का? सोमवारी लेणं बंद ठेवतात, हे महादेवाच्या देवळाला शोभतं का? आईला अभिषेक करायचा होता, म्हणून विचारतो.
— एक वाचक, चिंचवड

लेणं भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आहे आणि १९८७ पासून जागतिक वारशाच्या यादीतही. तिथे देवस्थानासारखी रोजची पूजा, गुरव, अभिषेकाची पावती असं काही नाही. सोमवारी बंद असतं हे खरं, आणि शिवाचा वार म्हणून कितीतरी लोकांना ते लागतं. पण तुमच्या आईंना नुसतं दर्शन घ्यायचं असेल, पिंडीवर चार बेलाची पानं वाहायची असतील, तर मन मोडू नका, त्यांना अवश्य न्या. दूध, हळद-कुंकू, तेल मात्र दगडाला लावू नका. नारळ फोडायचा नाही. घोटभर पाणी सुद्धा नको. दगडावर पडलेलं पाणी मुरतं, क्षार वर येतात आणि कोरीव कामाचे पापुद्रे सुटतात.

महाशिवरात्रीची गोष्ट वेगळी. त्या दिवशी उरण, पनवेल, मुंबईकडून भाविक होड्यांनी येतात आणि लेण्याचं पुन्हा देऊळ होतं. मोठ्या बायका, नऊवारी सावरत, चिखलातल्या धक्क्यावरून हात धरून उतरतात. आईंना तोच दिवस आवडेल. मात्र गर्दी फार असते, गुडघे दुखत असतील तर एरवीचा दिवस बरा. धक्क्यापासून वर साधारण सव्वाशे पायऱ्या आहेत.

गाभारा सदाशिवासमोर नाही, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. तो पश्चिमेच्या बाजूला आहे. चौकोनी, चारी बाजूंनी चार दारं, प्रत्येक दाराशी दोन असे आठ द्वारपाल. आत पिंड. लोक उत्तरेकडून येतात, समोर सदाशिव दिसतो, फोटो काढतात आणि पिंडीकडे न बघता परत फिरतात. पूर्वेच्या दाराने शिरलं तर समोर थेट गाभारा येतो. जुन्या काळी भक्तांची मुख्य वाट तीच असावी असं मानतात. आईंना त्या वाटेने न्या. मग गाभाऱ्याभोवती प्रदक्षिणा घालता येते. माझा मामा गाभाऱ्याच्या पायऱ्यांशी चपला काढायचा. तिथे काढा असं कोणी सांगत नाही, पण गावातली माणसं अजून काढतात.

ज्या दगडी हत्तीमुळे इंग्रजीत ‘एलिफंटा’ नाव पडलं, तो हत्ती आता कुठे आहे?
— एक वाचक, रत्नागिरी

भायखळ्याला, राणीच्या बागेत. डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या बाहेर उभा आहे. नाव पोर्तुगिजांनी दिलं. हत्ती मुळात राजबंदरच्या बाजूला, उतरायच्या जागेजवळ होता. १८१४ साली त्याची मान तुटली. १८६४ साली तो इंग्लंडला न्यायचा घाट घातला, तेव्हा उचलताना साखळी तुटली आणि त्याचे तुकडे झाले. ते तुकडे मुंबईत पडून होते. १९१४ साली पुन्हा जोडले. जवळून पाहिलं की सांधे दिसतात. राणीच्या बागेत मुलांना पेंग्विन दाखवायला नेता, तेव्हा दहा मिनिटं त्याच्यासाठी ठेवा.

तो परत बेटावर यावा असं माझ्या आजोळच्या माणसांना वाटतं. मलाही वाटतं.

पोर्तुगिजांनी लेणी तोफा लावून फोडली, हे वाचून रक्त खवळतं. याचा कुठेच उल्लेख का होत नाही?
— एक वाचक, कोल्हापूर

उल्लेख होतो, आणि तो पोर्तुगिजांच्याच लिखाणात आधी झाला. त्यांच्या सैनिकांनी मूर्तींची नासधूस केली याची नोंद आहे. एका लेण्यात, ज्याला आपल्याकडे ‘सीताबाईचं देऊळ’ म्हणतात, त्यांनी चर्च थाटलं होतं. तोफांबद्दल मात्र अभ्यासकांत एकमत नाही. आतल्या खांबांचं आणि मूर्तींच्या पायांचं बरंच नुकसान पाण्यामुळे झालं असं म्हणणारेही आहेत. पावसाळ्यात छतातून झिरपणारं पाणी आणि जमिनीवर साचणारं पाणी बेसॉल्टला सुद्धा खातं. मूर्तींचे खालचे भाग इतके का झिजलेत, ते यावरून कळतं.

तुमचा राग मी समजू शकते. पण त्याच पोर्तुगिजांमध्ये गार्सिया द ओर्तासारखा वैद्यही होता. तो १५३४ साली इथे येऊन गेला आणि गोव्यात १५६३ साली छापलेल्या त्याच्या पुस्तकात या देवळाचं वर्णन आहे. या लेण्यांबद्दल युरोपियन माणसाने लिहिलेल्या सुरुवातीच्या वर्णनांपैकी ते एक.

आणि नुकसान एकट्या परक्यांनी केलं असंही नाही. इंग्रजांनी १८७५ साली राजपुत्राला इथे, सदाशिवासमोर, मेजवानी दिली. हे वाचून मलाही चीड येते. पण खांबांवर खिळ्याने कोरलेली नावं देवनागरीत आहेत, ती कुठल्या परक्याने कोरली नाहीत. तीही डोळ्यांसमोर ठेवा.

मी शाळेच्या सहलीतून गेलो होतो. पायऱ्यांच्या कडेला टोप्या-माळा विकणारे लोक तिथेच राहतात का? की मुंबईहून येतात? बेटावर गाव आहे, हे आम्हाला कोणी सांगितलंच नाही.
— एक विद्यार्थी, सातारा

बाळा, हे पत्र आलं आणि मी ते दोनदा वाचलं. तू विचारलंस, हे फार छान केलंस.

गाव आहे, आणि एक नाही तर तीन वस्त्या आहेत : शेतबंदर, राजबंदर आणि मोराबंदर. तिन्ही मिळून घारापुरी ग्रामपंचायत. तालुका उरण, जिल्हा रायगड. मुंबईच्या गेटवेवरून बोटी सुटतात म्हणून लोकांना ते मुंबईतलं वाटतं. तुमची बोट लागते ते शेतबंदर. टोप्या विकणारे, मक्याची कणसं भाजणारे, लिंबू-सरबतवाले बहुतेक गावातलेच. भातशेती आणि मासेमारी हे जुने धंदे, होड्यांची डागडुजीही. आता बरीच घरं पर्यटकांवर चालतात, त्यामुळे पावसाळ्यात वारा सुटला आणि बोटी बंद झाल्या की चुलीवर परिणाम होतो.

माझं लहानपण उन्हाळ्याच्या सुट्टीत राजबंदरला जायचं. रात्री अंगणात गोधडी टाकून आम्ही झोपायचो. पलीकडे जवाहर द्वीप, तिथे तेलाची जहाजं लागतात, त्याचे दिवे रात्रभर जळायचे. पुढे न्हावा-शेव्याचं बंदर झालं आणि त्या बाजूचंही आभाळ पिवळं झालं. दोन्हीकडे लखलखाट, आणि मध्ये आमच्या घरात रॉकेलची चिमणी. नंतर बऱ्याच वर्षांनी जनरेटर आला. त्याची वीज संध्याकाळी तीन-साडेतीन तास. मुलांचा अभ्यास, पाण्याची मोटर, टीव्हीवरची मालिका, सगळं तेवढ्या वेळात कोंबायचं.

बेटावर पूर्ण वेळ वीज आली ती फेब्रुवारी २०१८ मध्ये. समुद्राच्या तळातून साधारण साडेसात किलोमीटरची केबल टाकून. स्वातंत्र्यानंतर ७० वर्षांनी. तुझ्या जन्माच्या वेळी या गावात फ्रिज चालत नव्हता, म्हणजे मासा आज आणला तर आजच खायचा किंवा खारवायचा.

दुखणंखुपणं हा दुसरा भाग. एका रात्री माझ्या मामीला कळा सुरू झाल्या आणि नेमकी ओहोटी होती. ओहोटीला इथला किनारा म्हणजे नुसता चिखल, होडी पाण्यापर्यंत ओढत न्यावी लागते. चार माणसांनी मामीला खुर्चीत बसवून चिखलातून उचलून होडीत ठेवलं. आजी काठावर उभी राहून दोन्ही हात जोडून लेण्याच्या दिशेने बघत होती. मामी सुखरूप उरणला पोचली, मामेभाऊ झाला, आज तो स्वतः होडी चालवतो. आजी त्याला शेवटपर्यंत ‘महादेवाचा’ म्हणत राहिली.

म्हणून, लेणं आणि गाव अशा दोन वेगळ्या गोष्टी मी तरी मानत नाही. कलचुरी राजा गेला, मौर्य गेले, चालुक्य, शिलाहार, यादव, गुजरातचे सुलतान, पोर्तुगीज, इंग्रज, सगळे आले आणि गेले. राजसत्ता इथून उठली तेव्हा कोणी पुजारी ठेवले नाहीत की रखवालदार. तरी दिवा लावणारं, महाशिवरात्रीला पिंड धुणारं, पावसानंतर वाटेवरचं गवत कापणारं कोणीतरी राहिलंच. ती माणसं वस्त्यांमधली. आज संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम करता येत नाही आणि पुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी लागते. हा देशभराचा कायदा आहे, आणि तो असायला हवा हे मी मान्य करते. पण त्याचा भार वाहणाऱ्या माणसांना पुस्तकात एक ओळ तरी मिळावी, असं मला मनापासून वाटतं. तुझ्या सहलीच्या निबंधात तू ती लिही. आणि पुढच्या वेळी गेलास तर टोप्या विकणाऱ्या मावशींना विचार, तुम्ही कुठल्या बंदरच्या. त्या आधी चकित होतील, मग सरबताला साखर जास्त घालतील.

आम्ही अमेरिकेहून दोन मुलांना (वय ९ आणि १२) घेऊन येतोय. हाताशी अर्धाच दिवस आहे. काय दाखवावं? बोट सुरक्षित आहे का?
— एक वाचक, न्यू जर्सी

आधी बोट. १८ डिसेंबर २०२४ रोजी घारापुरीला निघालेल्या प्रवासी बोटीला नौदलाच्या स्पीडबोटीची धडक बसली आणि माणसं गेली. त्यामुळे तुमचा प्रश्न रास्त आहे. बोटीत पाय ठेवल्यावर पहिलं काम म्हणजे लाइफ जॅकेट मागून घेणं, मुलांच्या अंगात घालणं आणि पट्टे स्वतः आवळणं. कोणी ‘लागत नाही हो’ म्हणालं तरी ऐकू नका. बोट गच्च भरलेली दिसली तर पुढची घ्या. प्रवास साधारण तासाभराचा. सकाळची पहिली बोट गाठा, तेव्हा लेण्यात गर्दी कमी असते.

मुलांना सगळं दाखवू नका. तीन शिल्पं निवडा आणि गोष्टी आधीच, बोटीतच सांगून ठेवा.

पहिलं, पूर्वेच्या दाराशी रावण कैलास हलवतोय ते. तिथला रावण फार तुटलाय, पण तुटलेल्या हातांच्या जागा मोजून तो कसा रेटत असेल हे मुलं स्वतः उभी राहून करून बघतात. शिव वर शांत बसून नुसता पायाचा अंगठा दाबतो. समोरच शिव-पार्वती कैलासावर बसलेत. ते सारीपाट खेळत होते आणि पार्वती रुसली, असं त्याचं वर्णन करतात. तिची मान बघा, दुसरीकडे वळलीय.

दुसरं, लग्न. कल्याणसुंदर. इथे पार्वती शिवाच्या उजव्या हाताला उभी आहे. लग्न लागून गेलं की वधू डावीकडे येते, आपल्याकडे अजून तसंच करतात, तेव्हा हा क्षण लग्नाआधीचा आहे हे मुलांना ओळखू द्या. तिच्या खाली घातलेल्या मानेत जी लाज आहे, ती दगडात आणणाऱ्या हाताला मी मनातल्या मनात नमस्कार करते. ब्रह्मदेव खाली बसून होम करतोय. आता लगेच वळा आणि त्याच्या समोरचं शिल्प बघा : अंधकासुराचा वध. तोच शिव, पण डोळे फुटून बाहेर येतील असे, सुळे दिसतायत, एका हातात रक्त झेलायचं पात्र, कारण अंधकाच्या रक्ताचा थेंब जमिनीवर पडला की नवा राक्षस उठतो. बारा वर्षांच्या मुलाला हे शिल्प सगळ्यांत आवडतं, माझा वर्गातला अनुभव आहे.

तिसरा सदाशिव, आणि त्याच्या उजवीकडे गंगाधर. तिथे शिवाच्या मुकुटावर एक तीन डोक्यांची बाई आहे, तिला पाय नाहीत. ती कोण, हे नऊ वर्षांच्या मुलाला विचारा. स्वर्गातून उतरणारी गंगा म्हणजे पाणी, त्याला पाय कशाला, असं त्याला सुचलं तर त्याला मक्याचं कणीस घेऊन द्या.

खाण्याची पिशवी हातात उघडी ठेवू नका, माकडं हिसकावतात. दुपारी थकवा आला तर तोफांच्या टेकडीवर न गेलात तरी चालेल. तिथे इंग्रजांच्या काळातल्या दोन तोफा आणि सुरेख वारा आहे, पण चढ उन्हाचा आहे.

घारापुरी पाहून झालं, मुंबईजवळ याच काळातलं आणखी काही आहे का?
— एक वाचक, अलिबाग

जोगेश्वरीचं लेणं, वर दिलंच आहे. तिथे देवीची रोज पूजा होते, भोवती दाट वस्ती आहे. दुसरं बोरिवलीचं मंडपेश्वर. त्यालाही पोर्तुगिजांनी चर्च जोडलं होतं, वरच्या चर्चचे अवशेष अजून उभे आहेत आणि खाली नटराज आहे. दोन्ही एका दिवसात होतात. मंडपेश्वरला संध्याकाळी जा, मुलं पुढच्या मैदानात क्रिकेट खेळत असतात आणि आत उजेड चांगला येतो.

रात्री मुक्काम करता येतो का?
— एक वाचक, पुणे

पर्यटकांना नाही. शेवटच्या बोटीची वेळ उतरतानाच विचारून घ्या.